माळावर पुस्तकातले खेळ

निसर्गाची ओळख खेळातून करून द्यावी, ही कल्पना आता शिक्षकांना नवी राहिलेली नाही. निसर्ग मंडळांची शिबिरे, हरित सेनेचे कार्यक्रम, शाळांच्या सहली यांत काही ठरावीक खेळ हमखास दिसतात. डोळे बांधून झाडाला हात लावायचा आणि मग ते झाड ओळखायचे. गोल करून दोऱ्याचे जाळे विणायचे. एकाने वटवाघूळ आणि दुसऱ्याने पतंग व्हायचे. हे तिन्ही खेळ जोसेफ कॉर्नेल या अमेरिकन निसर्गशिक्षकाच्या ‘शेअरिंग नेचर विथ चिल्ड्रन’ या छोट्या पुस्तकात आहेत. पुस्तक १९७९ साली प्रसिद्ध झाले. पुढे त्याच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या, अनेक भाषांत अनुवाद झाले, आणि खेळ तर पुस्तकाचे नावही सोबत न घेता हातोहात पसरले.

अशा लोकप्रिय पुस्तकाची चिकित्सा दोन प्रकारे करता येते. एक, ते वाचून. दुसरी, त्यातले खेळ प्रत्यक्ष मुलांबरोबर खेळून. आम्ही दुसरा मार्ग धरला. पडेगावातल्या एका शाळेच्या सहावी-सातवीच्या मुलांबरोबर दोन वर्षे, बहुतेक शनिवारी सकाळी, हे खेळ खेळून पाहिले. काही खेळ पुस्तकात आहेत त्याहूनही चांगले निघाले. काही खेळ मात्र मुलांना चुकीचे विज्ञान शिकवतात असे आमचे मत झाले. शिक्षकांपुढे ते सविस्तर मांडायला हवे असे वाटले म्हणून हा लेख.

आधी जागेविषयी. छत्रपती संभाजीनगर शहरातून छावणी ओलांडून दौलताबाद-वेरूळकडे निघाले की पडेगाव लागते. पुस्तकातल्या चित्रांत असते तसे जंगल, म्हणजे उंच सरळ झाडे, खाली ओलसर पाचोळा आणि पानांतून झिरपणारे ऊन, इथे नाही. काळा खडक, वर वीतभर मुरूम, पावसाळ्यात गुडघाभर गवत. हिवर, बाभूळ, बोर, सीताफळ, तरवड आणि जिकडेतिकडे घाणेरी. वर्षाचा पाऊस सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. सरकारदरबारी अशा जमिनीला पडीक म्हणण्याची पद्धत आहे. मराठीत तिला माळ हा सुंदर शब्द आहे आणि तोच बरोबर आहे. माळ म्हणजे झाडे तोडल्यामुळे उजाड झालेले जंगलच, ही समजूत पुष्कळ ठिकाणी खोटी ठरली आहे. कमी पावसाच्या दख्खनवर गवत आणि विखुरलेली काटेरी झाडे ही स्वतंत्र, पुरातन परिसंस्था आहे. चंडोल, माळढोक, काळवीट, लांडगा हे तिचे रहिवासी.

पहिल्या शनिवारी आम्ही मुलांना ‘निसर्ग’ काढायला सांगितला. कोणते चित्र आले ते शिक्षकांना सांगायला नकोच. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, वळणाची नदी, झोपडी आणि तिच्यावर झुकलेले नारळाचे झाड. पडेगावच्या माळावर यातला फक्त सूर्य आहे! मुलांच्या डोक्यात निसर्ग म्हणजे दुसरीकडे कुठेतरी असलेली गोष्ट आहे. ज्या टेकाडावर ती रोज पतंग उडवतात ते निसर्गात धरलेले नाही. मोठ्यांचेही याहून वेगळे नाही. २०१९च्या पावसाळ्यात राज्यभर ३३ कोटी झाडे लावण्याची मोहीम झाली, तेव्हा मोकळा माळ दिसला की तो भरून काढायची रिकामी जागा आहे, असेच पुष्कळांनी मानले.

पुस्तकाकडे वळू. त्याचे मोठेपण पहिल्यांदा सांगितले पाहिजे. कॉर्नेल यांचा शिक्षकाला पहिला सल्ला असा की कमी शिकवा. आधी पाहू द्या, बोलणे नंतर. आपल्याकडे सहल म्हणजे चालते व्याख्यान असते. शिक्षक झाडाखाली थांबतात, शास्त्रीय नाव सांगतात, औषधी उपयोग सांगतात, मुले वहीत उतरवून घेतात आणि झाडाकडे कोणीच पाहत नाही. या सवयीवर हे पुस्तक हा चांगला उतारा आहे. ‘आवाज’ हा त्यातला खेळ पाहा. मुलांनी उताणे पडायचे, दोन्ही मुठी वर धरायच्या आणि नवा आवाज ऐकला की एक बोट उघडायचे. बस्स. साहित्य काही नाही, तयारी काही नाही. पडेगावला मुलांनी पहिल्या मिनिटात ट्रकचे हॉर्न, मोटारसायकल, कुकरची शिट्टी आणि अजान मोजली. पाचव्या मिनिटाला बुलबुल आले, मग टिटवी, मग एका मुलीने गवतातून येणारा एक बारीक, सलग आवाज मोजला जो आमच्या कानांना आधी जाणवलाच नव्हता. तो नाकतोड्याच्या जातीच्या कीटकाचा होता. मुलांना वरच्या पट्टीतले आवाज मोठ्यांपेक्षा चांगले ऐकू येतात. वय वाढते तशी कानाची वरची मर्यादा खाली येत जाते. खेळ संपल्यावर हे सांगितले तेव्हा, सरांना ऐकू येत नाही ते आपल्याला येते, याचा मुलांना इतका आनंद झाला की पुढचे चार शनिवार दुसरा खेळ घेऊ देईनात.

‘झाडाची भेट’ हा सगळ्यांत प्रसिद्ध खेळ. डोळे बांधलेल्या मुलाला जोडीदाराने झाडापाशी न्यायचे, त्याने खोड चाचपायचे, वास घ्यायचा, मग परत येऊन डोळे उघडून आपले झाड शोधायचे. उंच झाडांच्या दाट वनात हा खेळ उत्तम आहे. हिवर-बाभळीच्या माळावर डोळे बांधलेल्या मुलाला खोडाला मिठी मारायला सांगणे म्हणजे काय, हे काट्यांची लांबी माहीत असणाऱ्याला समजावून सांगायला नको. शिवाय झाडे इतकी विरळ की शोधण्यात काही कसब राहत नाही. आम्ही झाडाऐवजी दगड घेतला. प्रत्येकाने मुठीएवढा दगड उचलायचा, डोळे मिटून दोन मिनिटे हाताळायचा, मग सगळे दगड ढिगात टाकायचे आणि पुन्हा डोळे मिटूनच आपला शोधायचा. सगळे दगड एकाच काळ्या बेसाल्टचे, तरी बहुतेक मुलांना आपला दगड सापडतो. कशावरून ओळखला, असे विचारले की खरा धडा सुरू होतो. कुणाच्या दगडाला भोके आहेत, कुणाच्या भोकांत पांढरे खडे भरलेले आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहून आलेल्या लाव्हात वायूचे बुडबुडे अडकले, खडक थंड झाल्यावर पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्यांत पाण्याबरोबर आलेली खनिजे साचली. नाशिक, जळगाव, संभाजीनगरच्या खाणींतली झिओलाइटे जगभरच्या संग्रहालयांत आहेत. ती मुलांच्या मुठीत आपोआप आली.

आणखी एका खेळाबद्दल थोडक्यात. पायवाटेवर दहा-पंधरा मानवनिर्मित वस्तू लपवून ठेवायच्या आणि मुलांनी चालता चालता त्या गुपचूप मोजायच्या. कॉर्नेल यांना बिचाऱ्यांना वस्तू बरोबर न्याव्या लागत. आमची सोय आधीच झालेली होती. नारेगावचा कचरा डेपो फेब्रुवारी २०१८मध्ये बंद पडला, त्यानंतर मार्चमध्ये मिटमिटा-पडेगाव भागात कचऱ्याच्या गाड्या आल्या आणि दगडफेकीपर्यंत प्रकरण गेले, हे इथल्या मुलांच्या घरी अजून बोलले जाते. पुढे पडेगावला कचरा प्रक्रिया केंद्र झाले. आम्ही खेळ उलटा केला: शंभर पावलांत एकही मानवनिर्मित वस्तू दिसणार नाही अशी जागा शोधा. अशी जागा सापडायला तीन आठवडे लागले.

आता मतभेदाकडे. ‘वटवाघूळ आणि पतंग’ हा खेळ असा: मुले गोल करून उभी राहतात, मध्ये डोळे बांधलेले वटवाघूळ आणि दोन-तीन पतंग. वटवाघळाने ‘वटवाघूळ’ असे ओरडले की पतंगांनी लगेच ‘पतंग’ असे उत्तर द्यायचे आणि त्या आवाजाच्या अनुरोधाने वटवाघळाने त्यांना पकडायचे. प्रतिध्वनीच्या साहाय्याने शिकार कशी होते हे समजावण्याची ही युक्ती बुद्धिमान आहे आणि मुले बेहद्द खूश असतात. पण खेळ संपल्यावर एका मुलाने विचारले, “सर, वटवाघूळ तर पेरू खातं. पेरू कुठं पळून जातो? त्याला ओरडायला कशाला पाहिजे?”

प्रश्न बिनतोड होता. आपल्याकडच्या मुलांना ठाऊक असलेले वटवाघूळ म्हणजे वडा-पिंपळावर दिवसा उलटे लटकणारे मोठे, फळे खाणारे वटवाघूळ. ते प्रतिध्वनीने मार्ग शोधत नाही. मोठे डोळे आणि तीक्ष्ण नाक यांवर त्याचे भागते. गुहांत राहणारी एक फळखाऊ जात जिभेने टिचक्या वाजवून अंधारात वाट काढते, तो अपवाद. प्रतिध्वनीने कीटक पकडतात ती छोटी वटवाघळे. संध्याकाळी रस्त्यावरच्या दिव्याभोवती गिरक्या घेतात ती. काही ठिकाणी त्यांना पाकोळी म्हणतात, आणि त्याच नावाचा पक्षीही आहे, त्यामुळे घोटाळा वाढतो. म्हणजे मुलाला रोज दिसणाऱ्या प्राण्याविषयी हा खेळ नेमकी चुकीची माहिती पक्की करतो. कॉर्नेल यांचा यात दोष नाही, कारण अमेरिकेच्या मुख्य भूमीवर जवळजवळ सगळी वटवाघळे कीटकभक्षक. दोष आपला, आपण खेळ उचलला आणि प्राणी पाहिला नाही.

दुसरी अडचण बारीक आहे. खेळात पतंग स्वतः उत्तर देतो. मुलांना विचारले की पतंग का बोलतो, तर ‘नियम आहे म्हणून’ असे उत्तर येते. परावर्तित ध्वनी आणि स्वतःचा आवाज यांतला फरकच हरवतो. आम्ही दुरुस्ती केली. आणखी चार मुलांना झाडे करून मध्ये उभे केले. वटवाघूळ ओरडले की झाडांनीही ‘झाड’ असे उत्तर द्यायचे, कारण प्रतिध्वनी झाडावरूनही येतोच. झाडे हलत नाहीत, पतंग हलतात. पाठोपाठच्या दोन हाकांमध्ये ज्याची दिशा बदलली तो पतंग, हे वटवाघूळ झालेले मूल दोन-तीन डावांत आपोआप शिकते. मग नवा नियम: पतंगाला वटवाघळाची हाक लांबूनच ऐकू येते, तेव्हा त्याने टप्प्यात येण्याआधी खाली बसून घ्यावे. पुष्कळ पतंगांना श्राव्यातीत ध्वनी ऐकणारे कान असतात आणि हाक ऐकताच ते जमिनीकडे सूर मारतात, हे खरेच आहे. टायगर मॉथ या गटातले काही पतंग उलट टिकटिक करून वटवाघळाला गोंधळात टाकतात. तो नियम मुलांनीच बसवला आणि खेळाचा पार बाजार उठला. पण त्या गोंधळात प्रतिध्वनी काय हे त्यांना समजले.

खरा वाद जाळ्याच्या खेळाशी आहे. शिबिरांत सर्वांत जास्त घेतला जाणारा आणि आमच्या मते सर्वांत जास्त फसवणारा खेळ हाच. एक मूल गवत होते, एक नाकतोडा, एक सरडा, एक घार, एक पाणी, एक माती. दोऱ्याचे बंडल एकाकडून दुसऱ्याकडे जाते आणि जाळे तयार होते. मग एकाला ‘मारायचे’. ते मूल खाली बसते, दोरा ओढला जातो, ज्याला ओढ जाणवली तोही बसतो, आणि शेवटी सगळे जाळे कोसळते. मुले गंभीर होतात, शिक्षक गहिवरतात. सृष्टीतले सगळे एकमेकांशी बांधलेले आहे हा संदेश मनात उतरतो.

संदेश चांगला असला तरी विज्ञान कच्चे आहे. दोऱ्याच्या जाळ्यात प्रत्येक दुवा सारखाच घट्ट. निसर्गात तसे नसते. अमेरिकन परिस्थितिशास्त्रज्ञ रॉबर्ट पेन यांनी वॉशिंग्टन राज्याच्या खडकाळ किनाऱ्यावरच्या एका पट्ट्यातून एकाच जातीचे तारामासे सातत्याने काढून टाकले. १९६६ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले: शिंपल्यांनी जागा बळकावली आणि तिथल्या १५ जातींपैकी ८ उरल्या. या एका जातीचा दुवा कळीचा होता. दुसरी एखादी जात काढली असती तर कदाचित कोणाला पत्ताही लागला नसता. कोणता दुवा कळीचा आणि कोणता नाही हे आधी सांगता येत नाही, शोधावे लागते. परिस्थितिशास्त्राचा अर्धा अभ्यास तोच आहे. जो खेळ सर्व दुवे सारखे दाखवतो तो हा प्रश्नच पुसून टाकतो.

त्याहून मोठी चूक म्हणजे, दोरा नेहमी खालीच ओढतो. गिधाडांचे उदाहरण घ्या. १९९०च्या दशकापासून भारतातली गिधाडे झपाट्याने कमी झाली. तीन जातींची संख्या ९५ टक्क्यांहून अधिक घटली. गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाते आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे २००४मध्ये सिद्ध झाले. गुरांसाठी त्याच्या वापरावर भारतात २००६ साली बंदी आली. आता जाळ्यात गिधाड झालेल्या मुलाला खाली बसवा. कुत्रा झालेल्या मुलाने काय करायचे? पुस्तकाप्रमाणे त्यालाही ओढ जाणवते आणि तेही बसते. प्रत्यक्षात गिधाडांनी सोडलेली मढी कुत्र्यांना मिळाली आणि त्यांची संख्या वाढल्याचे अभ्यासकांनी दाखवले. कुत्रा बसत नाही, तो टाचा उंचावतो! आणि कुत्री वाढली म्हणजे रेबीजचा धोका वाढतो, म्हणजे तो दोरा फिरून माणूस झालेल्या मुलाच्या हातात येतो.

आम्ही खेळ असा बदलला की कोणी गेले तर प्रत्येक मुलाने दोनपैकी एक करायचे: खाली वाकायचे किंवा टाचा उंचावायच्या, आणि का ते सांगायचे. सांगता येत नसेल तर सरळ उभे राहायचे. या खेळात जाळे कोसळत नाही, त्यामुळे गहिवर येत नाही. वाद मात्र भरपूर होतात. घाणेरी काढली तर बुलबुल वाकेल की नाही, यावर पडेगावच्या मुलांत दोन तट पडले. एक म्हणे घाणेरीची फळे बुलबुल खातो, म्हणून वाकेल. दुसरा म्हणे घाणेरी गेली की बोरी वाढतील, मग टाचा उंच. दोन्ही तर्क बरोबर असू शकतात. उत्तर माळावर जाऊन पाहायचे असते.

कॉर्नेल यांनी पुढे १९८९ साली आपल्या पद्धतीला चार पायऱ्यांची रचना दिली: आधी उत्साह जागवा, मग लक्ष एकाग्र करा, मग प्रत्यक्ष अनुभव द्या आणि शेवटी तो अनुभव एकमेकांना सांगा. पायऱ्या विचारपूर्वक बसवलेल्या आहेत, त्यांनी वर्ग सांभाळता येतो हे आम्ही अनुभवाने सांगतो. पण चारांपैकी एकाही पायरीवर मूल चुकू शकत नाही. अनुभव सगळ्यांचेच खरे असतात. जिथे चुकायची सोय नाही तिथे विज्ञान सुरू होत नाही. निसर्गावर प्रेम जडावे हे पुस्तकाचे उद्दिष्ट आहे आणि ते लपवलेले नाही, तेव्हा लेखकाला दोष देता येणार नाही. विज्ञानाच्या तासाला हे खेळ घेणाऱ्या शिक्षकाने मात्र पाचवी पायरी स्वतः बांधली पाहिजे.

आणखी एका मुद्द्यावर आम्ही पुस्तकाशी सहमत नाही. प्राण्या-वनस्पतींची नावे ही वरवरची लेबले आहेत, ती ठाऊक नसली तरी बिघडत नाही, असे कॉर्नेल शिक्षकाला धीर देताना म्हणतात. धीर देणे योग्यच. नावे येत नाहीत म्हणून कितीतरी शिक्षक मुलांना बाहेर नेत नाहीत. पण मराठी नावे लेबले नाहीत. मृगाचा किडा हे नाव घ्या. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, मृग नक्षत्र लागल्यावर, पहिल्या पावसानंतर तो मखमली लाल जीव जमिनीवर येतो, हे वेळापत्रक नावातच आहे. नावातली चूकही उपयोगी पडते: मुलांनी पाय मोजले, आठ भरले, म्हणजे तो कीटक नव्हे, कोळी-विंचवांच्या गोतावळ्यातला. टिटवीचे नाव तिच्या हाकेतून आले आहे, रातव्याचे त्याच्या वेळेतून. पळसाला पाने तीनच ही म्हण मुलांनी झाडापाशी तपासली. तीन दिसतात, पण पानाच्या बगलेत कळी असते आणि ती त्या तिघांना मिळून एकच, म्हणून वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात ते एक पान आणि तीन पर्णिका. म्हण खोटी की खरी यावर मतदान घ्यावे लागले.

ही नावे कोणाकडे आहेत? वर्गात पहिल्या बाकावर बसणाऱ्यांकडे नाहीत. पडेगावला आमच्या गटात घरच्या शेळ्या सांभाळणारी तीन मुले होती. एरवी वर्गात मान खाली घालून बसणारी. कोणता पाला शेळी खाते आणि कोणता टाळते, घोरपड कोणत्या बिळात जाते, रुईवर पट्टेरी सुरवंट कधी येतात, हे त्यांना पाठ होते. ब्रिटनमधल्या मुलांना आजूबाजूच्या प्राण्यांपेक्षा पोकेमॉनची पात्रे जास्त ओळखता येतात, असे केंब्रिजच्या संशोधकांनी २००२ साली दाखवले होते. आठ वर्षांच्या मुलांनी पोकेमॉन जवळजवळ ऐंशी टक्के ओळखले, वन्यजीव निम्म्याच्या आसपास. आपल्या वर्गात ही दोन्ही मुले शेजारी बसतात आणि परीक्षा फक्त एकाचीच होते.

महाराष्ट्राला हे नवे असू नये. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणू तालुक्यात, बोर्डी आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी मुलांसाठी काम केले. मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत असे दिसले तेव्हा त्यांनी शाळाच कुरणावर नेली. तिला नाव दिले कुरणशाळा. डेन्मार्कमधल्या वन-बालवाड्यांची सुरुवात १९५०च्या दशकातली, आणि आज त्यांचे जगभर कौतुक होते. त्यात आणि कुरणशाळेत एक महत्त्वाचा फरक आहे. वन-बालवाडीत शहरी मुलाला निसर्गाकडे नेले जाते. कुरणशाळेत निसर्गात आधीच असलेल्या मुलाकडे शिक्षण गेले, आणि मुलाला जे ठाऊक आहे ते शिक्षणाचे भांडवल मानले गेले. पडेगावसारख्या शहराच्या कडेच्या वस्तीत दोन्ही प्रकारची मुले एकाच पटावर असतात. इथे कॉर्नेलइतकीच ताराबाईंची गरज आहे.

सुरक्षिततेचा प्रश्न मुख्याध्यापक सर्वांत आधी विचारतात आणि तो रास्त आहे. खडकाळ माळावर फुरसे असते, दगडाखाली विंचू असतो. मुलांनी दगड उचलताना तो स्वतःकडे उचलावा, म्हणजे आड राहतो, बिळात हात घालू नये, बूट असावेत, फेब्रुवारीनंतर नऊच्या आत परतावे. लाल विंचवाचा दंश लहान मुलाला जीवघेणा ठरू शकतो. मूळचे जालना जिल्ह्यातले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाड परिसरात १९८०च्या दशकात प्राझोसिन या औषधाचा वापर करून हे मृत्यू फार कमी करून दाखवले, तेव्हा वेळ न घालवता रुग्णालय गाठणे हाच उपाय. सर्पदंशालाही तेच लागू. जवळच्या कोणत्या रुग्णालयात प्रतिसर्पविष मिळते याची चौकशी सहलीच्या आधी करायची असते, नंतर नव्हे. पालकांना हे सगळे आधी सांगितले, तर परवानगी मिळते असा अनुभव आहे.

बाहेर खेळण्याच्या फायद्यांविषयी हल्ली मोठमोठे दावे ऐकू येतात. अमेरिकन पत्रकार रिचर्ड लूव्ह यांनी २००५ साली ‘निसर्ग-अभाव विकार’ असा शब्दप्रयोग रूढ केला. हा वैद्यकीय आजार नाही, तसा दावा खुद्द लूव्ह यांनीही केलेला नाही. लहानपणी रानात खेळलेली माणसे मोठेपणी पर्यावरणाची जास्त काळजी घेतात असे सांगणारे अभ्यास बहुतेक मोठ्या माणसांच्या आठवणींवर उभे आहेत आणि आठवणी सोयीने बदलतात. भक्कम पुरावा एका वेगळ्याच ठिकाणी सापडतो. चीनमधल्या ग्वांगझोऊ शहरात बारा प्राथमिक शाळांतल्या पहिलीच्या मुलांवर प्रयोग झाला. निम्म्या शाळांत रोज चाळीस मिनिटे जादा बाहेर घालवण्याचा तास ठेवला. तीन वर्षांनी त्या शाळांत सुमारे ३० टक्के मुलांना लघुदृष्टिता आली, उरलेल्या शाळांत सुमारे ४० टक्के. निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. मुख्याध्यापकांशी बोलताना निसर्गप्रेमापेक्षा चष्म्याचा नंबर जास्त उपयोगी पडतो, असे आम्हाला आढळले आहे.

पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करावा असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली दिला. २०२०च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवण्याची सूचना आहे. दिवस आहेत, पुस्तकही आहे. पाचवी पायरी कशी बांधायची याचे एक उदाहरण देऊन थांबतो.

टिटवी उंचावर अंडी घालते त्या वर्षी पाऊस जास्त होतो, अशी मराठवाड्यात समजूत आहे. टिटवी घरटे बांधत नाही. उघड्या जमिनीवर, खड्यांत, बहुधा चार ठिपकेदार अंडी घालते, ती पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. पडेगावच्या मुलांनी ही समजूत तपासायला घेतली आहे. घरट्याजवळ जायचे नाही, कारण माणसाच्या मागावर कावळा आणि कुत्रा येतो. लांबून खूण करायची आणि पिल्ले निघून गेल्यावर उंची मोजायची. पहिले दोन शनिवार ‘उंची’ म्हणजे कशापासून, यावरच गेले. रस्त्यापासून मोजली तर सगळीच घरटी खाली येतात. शेवटी नाल्याच्या तळापासून मोजायचे ठरले. मग प्रश्न आला की पाऊस कुठला धरायचा, शहराच्या वेधशाळेचा की शाळेच्या गच्चीवर बाटली कापून केलेल्या पर्जन्यमापकाचा. दोन्ही लिहायचे ठरले. दोन वर्षांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच घरटी मिळाली आहेत, त्यावरून काहीच म्हणता येत नाही हेही मुलांनीच वहीत लिहिले आहे. सातवीची मुले आता आठवीत गेली, तेव्हा काठी आणि वही सहावीकडे सोपवली आहे. पुढच्या नोंदी मार्चनंतर.